शब्दचर्चा: ‘बाल’, ‘कुमार’ की ‘किशोर’? चौथी ते सातवीच्या वाचकासाठी योग्य शब्द

विचारणा

शाळेच्या ग्रंथालयासाठी चौथी ते सातवीच्या मुलांना सुचवायच्या पुस्तकांची यादी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत साधारण 8 ते 12 वर्षांच्या वाचकांची पुस्तके ‘मिडल ग्रेड’ या नावाखाली वेगळी मांडलेली असतात. मराठीत याच वाचकाला कोणी ‘बाल’ म्हणतो, कोणी ‘कुमार’, तर कोणी ‘किशोर’. आणि एका भाषांतरित माहितीपत्रकात तर ‘मध्यम श्रेणीचे वाचक’ असा प्रयोग वाचायला मिळाला. यादीच्या मथळ्यात यांपैकी कोणता शब्द घालावा? तसेच ‘फिक्शन’ या अर्थी ‘काल्पनिक साहित्य’ असे लिहिणे बरोबर ठरेल का?

उत्तर

‘मध्यम श्रेणी’ हा प्रयोग सर्वप्रथम बाजूला ठेवावा. मराठीत श्रेणी मिळते ती निकालपत्रावर, आणि तिच्यामागे ‘मध्यम’ लागले की तो गुणवत्तेविषयीचा शेरा होतो. मूळ शब्दातील ‘ग्रेड’चा अर्थ इयत्ता असा आहे. ‘माध्यमिक’ हा शब्दही चालणार नाही, कारण आपल्याकडे माध्यमिक म्हणजे नववी-दहावी, आणि पाचवी ते सातवीचे वर्ग त्याच्या बरेच अलीकडे येतात.

उरलेल्या तीन शब्दांचा इतिहास मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण संस्कृतातून मराठीत येताना त्यांच्या जागा बदलल्या आहेत. वैष्णव टीकापरंपरेत उद्धृत होणाऱ्या एका श्लोकात वयाचे टप्पे असे दिले आहेत: ‘कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि’, म्हणजे पाचव्या वर्षापर्यंत कौमार आणि दहाव्यापर्यंत पौगंड, त्यापुढे पंधरा-सोळापर्यंत कैशोर आणि मग यौवन. या हिशेबाने कुमार हा अगदी लहान मूल ठरतो. आयुर्वेदातील बालरोगांच्या शाखेला ‘कौमारभृत्य’ म्हणतात, त्यातही हाच अर्थ टिकून आहे. ‘किशोर’ या शब्दाचा संस्कृतातील एक अर्थ घोड्याचे शिंगरू असा आहे, आणि धावू लागलेल्या पण अजून जोखडाखाली न आलेल्या वयाचे नाव म्हणून तो मला फार समर्पक वाटतो. ‘पौगंड’ हा शब्द पाच ते दहा वर्षांसाठी असूनही मराठीत ‘पौगंडावस्था’ म्हणून थेट वयात येण्याच्या काळाला जाऊन चिकटला.

मराठीत ‘कुमार’ वर सरकला आणि ‘बाल’च्या पुढचा टप्पा झाला. शाळेच्या पुस्तकांनी ही चढण पक्की केली: आठवीपर्यंत ‘बालभारती’, नववी-दहावीला ‘कुमारभारती’ आणि अकरावी-बारावीला ‘युवकभारती’. तेरा वर्षांच्या, सातवी-आठवीतल्या मुलाच्या हातातही ‘बाल’ असे छापलेले पुस्तक असते, हे येथे लक्षात घ्यावे. पाठ्यपुस्तकाच्या नावाबद्दल मुले तक्रार करत नाहीत, पण स्वतःच्या आवडीने पुस्तक उचलताना हा शब्द आडवा येतो. अकरा वर्षांची मुलगी ‘बालकथा’ लिहिलेल्या कपाटाकडे फिरकतही नाही, कारण त्याच कपाटात तिच्या धाकट्या भावाची चित्रांची पुस्तके असतात. ‘बालसाहित्य’ या एका शब्दाखाली आपण बडबडगीतांपासून साहसकादंबरीपर्यंत सारे काही ठेवले आहे, आणि त्यामुळे सर्वाधिक नुकसान नेमके या मधल्या वाचकाचे झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून मथळ्यासाठी ‘कुमार’ हा शब्द योग्य वाटतो. ‘बालकुमार साहित्य’ हा जोडशब्द संमेलनांच्या नावांमुळे रुळलेला आहे, आणि त्यातून ‘कुमार’ हा स्वतंत्र टप्पा आहे ही जाणीव वाचकांना आधीपासून आहे. मात्र ‘कुमारभारती’मुळे काही पालकांच्या मनात नववी-दहावी येईल, म्हणून त्याला जोडून इयत्ता लिहावीच: ‘कुमारवाचकांसाठी कथा-कादंबऱ्या (इयत्ता 4थी ते 7वी)’. नाही तरी पुस्तकाच्या दुकानात मराठी माणूस ‘कुमारवाङ्मय आहे का?’ असे विचारत नाही. तो ‘पाचवीतल्या मुलासाठी काहीतरी द्या’ असेच म्हणतो.

दुसरे मत

मला ‘किशोर’ अधिक योग्य वाटतो. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे, आणि ते वाचून वाढलेल्यांच्या दृष्टीने किशोर म्हणजे नेमका याच वयाचा वाचक. इतका परिचित शब्द सोडून ‘कुमार’ का घ्यावा? शिवाय ‘कुमार’ आणि ‘कुमारी’ हे शब्द नावामागे लावायच्या उपाधी म्हणूनच अधिक ओळखले जातात.

उत्तर

मासिकाविषयीचा मुद्दा खरा आहे, आणि केवळ त्या मासिकाच्या पुण्याईवर हा शब्द निवडला तरी त्याला चूक म्हणता येणार नाही. पण विशेषनाम म्हणून ‘किशोर’ आणि वयवाचक म्हणून ‘किशोरवयीन’ यांच्यात आता अंतर पडले आहे. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 हे वय किशोरवय मानते, आणि 2014 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही याच वयोगटासाठी आहे. परिणामी ‘किशोरवयीनांसाठी पुस्तके’ असे वाचताच पालकांच्या मनात वयात येण्याविषयीची माहितीपर पुस्तके, किंवा सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या कादंबऱ्या येतात. चौथीतला नऊ वर्षांचा मुलगा या व्याख्येत बसतच नाही. उपाधीची अडचण मात्र जाणवणार नाही, कारण ‘कुमारवाचक’ अशा समासात तो अर्थ आपोआप गळून पडतो.

आता ‘काल्पनिक’विषयी. ‘काल्पनिक साहित्य’ हा प्रयोग टाळावा. मराठीत ‘काल्पनिक’ म्हटले की खोटे किंवा निराधार अशी छटा येते. ‘ललित’ फार व्यापक आहे, त्यात कविता आणि ललित निबंधही येतात. समीक्षेत ‘कथात्म साहित्य’ ही संज्ञा अचूक आहे, परंतु ग्रंथालयाच्या फळीवर ती जड वाटते. ‘कथा-कादंबऱ्या’ हा साधा जोडशब्द सर्वांना समजतो, आणि तोच वापरावा.

पुरवणी विचारणा

मथळ्याचा प्रश्न सुटला. पण यादीत ‘श्यामची आई’, ‘तोत्तोचान’, ‘एक होता कार्व्हर’, ‘शाळा’ आणि ‘फास्टर फेणे’ ही सारी पुस्तके एकाखाली एक आलेली आहेत. हे सर्व ‘कुमारवाचकांसाठीच्या कथा-कादंबऱ्या’ म्हणता येईल का?

उत्तर

येथे ‘मुलांविषयीचे’ आणि ‘मुलांसाठीचे’ हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतील. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ नववीतल्या मुलांविषयी आहे, पण ती प्रौढ वाचकासाठी लिहिलेली कादंबरी आहे. पाचवीच्या यादीत तिची जागा नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे मात्र पूर्णपणे मुलांसाठीच जन्मला आहे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला हा मुलगा स्वतःच्या धडपडीने संकटात शिरतो आणि स्वतःच बाहेर पडतो; मोठी माणसे त्याला सोडवायला येत नाहीत. या वयाच्या वाचकाला हेच हवे असते, आणि म्हणून यादीच्या आरंभी मी हीच पुस्तके ठेवीन. त्यांच्याच शेजारी ना. धों. ताम्हनकरांचे ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ ठेवता येतील. त्यांतले घरगुती मराठी आजच्या मुलांना काही ठिकाणी अडेल, पण पहिली काही पाने मोठ्याने वाचून दाखवली की अडचण उरत नाही. सत्यजित राय यांच्या फेलूदा-कथांचे अशोक जैन यांनी केलेले अनुवाद सहावी-सातवीला चांगले चालतात.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिची प्रकरणे म्हणजे एकेका रात्री सांगितलेल्या आठवणी असल्याने ‘वाचून दाखवण्याची पुस्तके’ अशा वेगळ्या गटात ती अधिक शोभेल. एकट्याने वाचणारे मूल तिच्यातील दुःखाने दबून जाण्याचा संभव आहे. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ हेही असेच जपून द्यावे. त्याचा नायक ज्योडी बारा वर्षांचा असला तरी पुस्तक दीर्घ आहे आणि त्याचा शेवट कठोर आहे, तेव्हा ते सातवीतल्या मुरलेल्या वाचकालाच सुचवावे.

राहिली दोन पुस्तके. ‘तोत्तोचान’ म्हणजे तेत्सुको कुरोयानागी यांच्या स्वतःच्या शाळेच्या आठवणी आहेत, आणि वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र आहे. दोन्ही गोष्टीसारखी वाचली जातात, म्हणून ती सर्रास कादंबऱ्यांमध्ये मोजली जातात; परंतु ही माणसे आणि ही शाळा खरोखर होती, हे कळल्यावर मुलाच्या वाचण्यात फरक पडतो आणि ते कळण्याचा त्याला अधिकार आहे. त्यांच्यासाठी त्याच यादीत ‘चरित्रे आणि आठवणी’ असा स्वतंत्र मथळा करून इयत्ता 6वी व 7वी असे लिहावे.