जून-जुलैचे अमेरिकी दिनविशेष: नोंद नेमकी कोणत्या तारखेला करावी?

प्रश्न – पानपूरक

आमच्या मराठी मंडळाच्या द्वैमासिकात दिनविशेषाचे एक पान असते. अमेरिकेत वाढलेल्या मुलांनाही ते आपले वाटावे, म्हणून जून-जुलैच्या अंकात अमेरिकेचा इतिहास, बेसबॉल आणि लोकप्रिय संगीत यांतील काही नोंदी घ्यायचे ठरले आहे. नोंदी जमल्या, पण तारखांनी घोळ घातला. जाझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँगचा जन्म काही ठिकाणी ४ जुलै १९०० असा दिला आहे, तर काही ठिकाणी ४ ऑगस्ट १९०१. बेसबॉलपटू लू गेरिगचे निरोपाचे भाषण ४ जुलैचे, परंतु त्याचा स्मृतिदिन बेसबॉलमध्ये २ जूनला पाळतात. स्वातंत्र्याचा ठराव तर २ जुलैलाच मंजूर झाला होता, असे आमच्या एका सभासदांचे म्हणणे आहे. रूढ तारीख छापावी की कागदोपत्री सिद्ध झालेली? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – नेमस्त

आपल्या सभासदांचे म्हणणे बरोबर आहे, तरीही ४ जुलै चुकीची ठरत नाही. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँटिनेंटल काँग्रेसने, ब्रिटनपासून वेगळे होण्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी मंजूर केला, जाहीरनाम्याचा मसुदा ४ जुलैला स्वीकारला आणि बहुतेक प्रतिनिधींनी त्यावर सह्या केल्या त्या २ ऑगस्टला. जॉन ॲडम्सने ३ जुलैला पत्नीला लिहिलेल्या पत्रात, पुढच्या पिढ्या २ जुलै हाच दिवस उत्सवाने साजरा करतील, अशी खात्री व्यक्त केली होती. म्हणून "४ जुलै: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या" असे मात्र लिहू नका, "जाहीरनामा स्वीकारला" असे लिहा. ज्या दिवशी जे घडले तेवढेच त्या तारखेखाली आले, तर तुमचे निम्मे वाद मिटतील.

याच तारखेचा एक योगायोग अवश्य घ्यावा. जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ४ जुलै १८२६ रोजी, थॉमस जेफरसन आणि जॉन ॲडम्स हे दोन्ही माजी राष्ट्राध्यक्ष काही तासांच्या अंतराने वारले.

प्रतिसाद – निळा सूर

नेमस्त यांच्या योगायोगात संगीताची भर घालतो. गीतकार-संगीतकार स्टीफन फॉस्टर याचा जन्म पिट्सबर्गजवळ त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ रोजी झाला. त्याची नोंद घेताना, त्याची बरीच गाणी गोरे कलावंत तोंडाला काळे फासून करीत असलेल्या मिन्स्ट्रेल खेळांसाठी लिहिलेली होती, हे वगळू नये. त्याचे "ओल्ड फोक्स ॲट होम" हे गाजलेले गाणे १८५१ साली छापले गेले, तेव्हा त्यावर कर्ता म्हणून नाव होते ते खेळ करणाऱ्या मंडळीच्या मालकाचे, ई. पी. क्रिस्टीचे, फॉस्टरने पैसे घेऊन तो मान त्याला दिला होता.

आर्मस्ट्राँगच्या बाबतीत पुरावा स्पष्ट आहे. न्यू ऑर्लीन्समधील चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत ४ ऑगस्ट १९०१ हीच जन्मतारीख आहे. परंतु ही नोंद उजेडात आली १९८० च्या दशकात, आणि तो तर १९७१ च्या जुलैमध्ये वारला होता. आयुष्यभर त्याने स्वतः ४ जुलैलाच वाढदिवस साजरा केला. कोलंबिया विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्रावर दोन्ही तारखांना त्याची ध्वनिमुद्रणे लावतात, आणि रसिकांची त्याला मुळीच हरकत नसते! तुमच्या अंकात ऑगस्ट येत नाही, तेव्हा "आर्मस्ट्राँग ज्या दिवशी आपला वाढदिवस मानीत असे तो दिवस" अशी नोंद करून खरी तारीख पुढच्या अंकात द्यावी, असे मला वाटते.

प्रतिसाद – डावखुरा

गेरिगच्या दोन्ही तारखा घ्या, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टींच्या आहेत. ४ जुलै १९३९ रोजी यांकी स्टेडियमवर वॉशिंग्टन संघाविरुद्धच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्याचा सत्कार झाला. सलग २,१३० सामने खेळलेल्या या माणसाने मे महिन्यात स्वतःहून संघाबाहेर बसायचे ठरवले होते आणि जूनमध्ये त्याला एएलएस हा स्नायू हळूहळू निकामी करणारा असाध्य आजार असल्याचे निदान झाले होते. त्याच सत्काराच्या वेळी त्याचा गणवेशावरचा ४ क्रमांक कायमचा निवृत्त करण्यात आला, म्हणजे संघात तो पुन्हा कोणालाही द्यायचा नाही असे ठरले. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. त्या भाषणाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही, वृत्तपटातली थोडी वाक्येच उरली आहेत, त्यामुळे अवतरण छापताना सांभाळून.

२ जून हा दिवस मेजर लीग २०२१ पासून त्याच्या नावाने पाळते. १९२५ साली याच तारखेला संघातल्या वॉली पिपच्या जागी तो फर्स्ट बेसवर, म्हणजे मैदानातल्या पहिल्या ठाण्यावर, उभा राहिला आणि १९४१ साली याच तारखेला वारला. गंमत अशी, की सलग सामन्यांची मोजणी १ जून १९२५ पासून होते, कारण आदल्या दिवशी तो बदली फलंदाज म्हणून खेळून गेला होता. "विक्रमाचा प्रारंभ" २ जूनखाली गेला, तर एखादा जुना बेसबॉलप्रेमी तुम्हाला पत्र पाठवील.

एप्रिलच्या अंकासाठी आत्ताच सांगून ठेवतो: १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन संघाकडून उतरलेल्या जॅकी रॉबिन्सनला "मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय" म्हणू नका. मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ साली टोलीडोकडून खेळला होता. त्यानंतर कृष्णवर्णीयांसाठी दशकानुदशके बंद ठेवलेले दार रॉबिन्सनने उघडले, असे लिहिले की त्याचे मोठेपणही कमी होत नाही.

पानपूरक

सर्वांचे आभार. आमच्या यादीत "१२ जून: बेसबॉलची शताब्दी, १९३९" अशीही एक नोंद आहे. ती ठेवावी का?

प्रतिसाद – डावखुरा

या शब्दांत नको. ॲबनर डबलडेने १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये हा खेळ शोधून काढला, असा निर्वाळा एका समितीने १९०७ च्या अखेरीस दिला, तो मुख्यतः एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणीवर विसंबून. डबलडे १८३९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता, आणि हा खेळ आपण शोधल्याचा दावा त्याने स्वतः कधीच केला नाही. तरीही १२ जून यादीतून काढू नका. न घडलेल्या घटनेची शताब्दी म्हणून का होईना, त्या दिवशी कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमचे, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या स्मारक-संग्रहालयाचे, उद्घाटन झाले, टपाल खात्याने तिकीट काढले आणि तोवर निवडले गेलेले हयात असे अकराही खेळाडू हजर राहिले. समूहछायाचित्रात मात्र दहाच दिसतात, कारण टाय कॉब उशिरा पोहोचला.