कॉलेजच्या जुन्या फोटो-फितींत शोध कसा घ्यायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीने जुने फोटो आणि ध्वनिफिती ऑनलाइन ठेवल्यात. 'सुवर्णदुर्ग' टाकलं, काहीच येईना. मग इंग्रजांचं 'सेव्हर्नड्रूग' टाकलं आणि हर्णैचा किल्ला समोर! बाणकोट 'फोर्ट व्हिक्टोरिया'खाली सापडला, विजयदुर्ग 'घेरिया'खाली. दाभोळ, जयगड जुन्या कागदांत कसं लिहीत? माहीत असेल त्यांनी कृपया सांगा.

आणखी एक. एका फितीवर नमन, म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, आहे. मृदंगामागे कोंबडा आरवतो, म्हणजे रात्र जागवून पहाट झालेली. नोंदीत गावाचं नावच नाही. गवळणीच्या चालीवरून गाव ओळखणारं कुणी आहे का? २० सेकंदांचा तुकडा पाठवते. आमच्या वाडीत जुने खेळे (नमनातले कलाकार) दोघंच उरलेत, त्यांना शिमग्याआधी ऐकवायचंय.