रेस चढली की पहिला पंपच का उतरवता?

माळावरचा गाडीवाला
आमची जुनी सहाचाकी, चार सिलेंडर, इनलाइन पंप (प्रत्येक सिलेंडरला डिझेल मोजून देणारा), सगळं मेकॅनिकल. सकाळी लांब स्टार्टर मारावा लागतो, सुरू झाली की आयडलला, म्हणजे एक्सिलरेटर न दाबता, रेस वरखाली होते, आणि गरम झाल्यावर रेस वरच अडकून बसते. दोन मेस्त्र्यांनी बॉनेट न उघडताच सांगितलं, पंप उतरवा. माझं म्हणणं पंप सगळ्यात शेवटी. मुळात ही दुखणी दोन आहेत. रेस वर अडकते ते केबलमुळे किंवा लिंकेजच्या बुशमुळे असू शकतं, त्यासाठी पंपाच्या लिव्हरवरचा रॉड सोडवा आणि लिव्हर आयडल स्क्रूला येऊन टेकतो का बघा, टेकला आणि रेस खाली आली तर पंपाचा काय दोष? आणि वरखाली होणं म्हणजे मला तर डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली एअर वाटते. रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीत परत उतरतं म्हणून सकाळी स्टार्टर खाते.

नोझल-पंप
रॉड सोडवून बघा, त्याला ना नाही. पण लिव्हर टेकूनही रेस खाली येत नसेल तर काय करणार? मग गव्हर्नरच, म्हणजे पंपाचा रेस सांभाळणारा भाग, बघावा लागतो. जुन्या पंपात वॅक्यूम गव्हर्नर असेल तर त्याचा डायफ्राम (आतला पडदा) फाटल्यावर रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारा दांडा, जास्त डिझेलकडे सरकतो. इंजिन बंद ठेवून स्टॉप लिव्हर पूर्ण ओढा, वॅक्यूमच्या निपलवर बोट दाबून धरा आणि लिव्हर सोडा. थोडा सरकून थांबला तर डायफ्राम ठीक, झटकन परत आला तर फाटलाय. शिवाय एलिमेंट, म्हणजे पंपातले डिझेल ढकलणारे प्लंजर, झिजले की प्रत्येक सिलेंडरला डिझेल कमीजास्त जातं, आणि ते आयडललाच जास्त जाणवतं कारण तिथे मुळात डिझेलच चिमूटभर लागतं. वर पळताना गाडी एकदम शहाणी. हे पाइप बदलून कसं बरं होणार, पंप तपासायच्या यंत्रावर, टेस्ट बेंचवरच कळतं.

घाटचा ड्रायवर
एवढा काथ्याकूट कशाला, स्क्रू अर्धा आटा फिरवा आणि निघा. आम्ही असंच करतो.

माळावरचा गाडीवाला
कुठला स्क्रू? पंपावर सील लावलेला स्क्रूही असतो, फुल लोडचा. तो फिरवला तर काळा धूर सुरू आणि पीयूसीला अडकलात. आणि एअर घेत असताना आयडल खाली आणलंत तर घाटात हळू चालवताना इंजिनच बंद पडेल, ब्रेकचा बूस्टर इंजिनवर चालतो हे विसरू नका.

नोझल-पंप
ड्रायवर दादा, याबाबतीत मी गाडीवाल्याच्या बाजूने. पण एअर एअर म्हणताय ते सिद्ध कुठे केलंत? गळतीचा एक थेंब तरी दाखवा.

माळावरचा गाडीवाला
थेंब दिसणारच नाही, तीच तर गंमत आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) ओढ असते, तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपानंतर हातभर पारदर्शक पाइप लावायचा आणि आयडलला बुडबुडे धावतात का बघायचं. बुडबुडे आले तर टाकीकडे जा, पाइपच्या जोडावरच्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर बदला, रबरी होज कडक झालाय का पिळून बघा, प्रीफिल्टरच्या बाउलचं सील बघा. बहुतेक खर्च वॉशरचाच.

सिन्नरकर
दोघंही एक गोष्ट सोडताय. एक सिलेंडर मिसिंग असेल तर? इंजिन चालू असताना नोझलला (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) येणाऱ्या पाइपचा नट एकेक करून थोडा ढिला करा, ज्याला आवाज बदलला नाही तो सिलेंडर काम करत नाहीये. तिथे नोझल दुसऱ्या सिलेंडरशी अदलाबदल करून बघा, दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, जागच्या जागी राहिला तर कॉम्प्रेशन, टॅपेट (व्हॉल्वची फट) किंवा पंपाचा तो एलिमेंट. आणि हो, हे फक्त मेकॅनिकल पंपाला. कॉमन रेलच्या, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल गाडीला नट सोडायचा नाद करू नका, ते प्रेशर कातडीत घुसतं. जुन्या ऑइल बाथ एअर फिल्टरमध्ये ऑइल खुणेच्या वर भरलं असेल तर तेही ओढलं जातं आणि रेस आपोआप चढते, ते बघायला एक मिनिट लागतं.

घाटचा ड्रायवर
इंजिनाखालचे फाउंडेशनचे रबर बसले असले तरी केबिन थरथरते हो. सगळ्यांनी इंजिनच फोडायला घेतलंय.

नोझल-पंप
बरं, ओळीने जा, माझी हरकत नाही. पण सगळं करूनही तसंच राहिलं तर पंप उतरवताना तरी भांडू नका. आणि पंपवाल्याला खोलायच्या आधीच सांगा, आहे तसा बेंचवर लाव आणि चारही सिलेंडरचं रीडिंग मला दाखव, मग हात लाव.

माळावरचा गाडीवाला
हे मान्य. पाइप आजच आणतो.