वाळवीच्या आतड्यातले बॅक्टेरिया ओळखायचेत, पण प्लेटवर नुसता बॅसिलसच येतोय

कामकरी वाळव्या घेतल्या, ७०% अल्कोहोलने बाहेरून धुतल्या, शेपटाकडून चिमट्याने आतडं ओढून काढलं, सलाइनमध्ये कुस्करलं आणि न्यूट्रियंट अगारवर पसरलं. दुसऱ्या दिवशी भरपूर कॉलन्या, सीएमसी (विरघळणारं सेल्युलोज) प्लेटवर काँगो रेड रंग टाकल्यावर झोनपण मस्त (सेल्युलोज तुटलं तिथली फिकट कडी), पण १६एस (बॅक्टेरिया ओळखायचा जीन) केलं तर सगळा बॅसिलस. त्याच आतड्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा बारीक स्प्रिंगसारखं काहीतरी नुसतं वळवळत होतं, ते गेलं कुठे? लाकूड पचवणारा हाच बॅसिलस समजायचा का?

उत्तर १:
नाही, तसं लिहू नका प्लीज. स्प्रिंगसारखे दिसले ते स्पायरोकीट, म्हणजे पिळदार बॅक्टेरिया, बहुतेक ट्रेपोनेमा, आणि त्यांना उघड्या प्लेटवरची हवा सोसत नाही. वाळवीतला स्पायरोकीट शुद्ध कल्चरमध्ये पहिल्यांदा वाढवला तोच १९९९ मध्ये, ट्रेपोनेमा प्रिमिटिया त्यातलाच, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून अॅसिटेट बनवतो आणि वाळवी बऱ्याच अंशी अॅसिटेटवरच जगते, मला तर हे अजूनही भारी वाटतं. बॅसिलसचे स्पोर मातीबरोबर पोटात जातात, अंगावरचे असले तर अल्कोहोलनेही मरत नाहीत. आणि झोनचा अर्थ एवढाच की विरघळणारं सीएमसी तुटलं, लाकूड नाही.

उत्तर २:
कल्चरच्या मागे न लागता थेट डीएनए काढा. आतड्याचा मागचा फुगीर भाग तेवढा घ्या, तो जेमतेम एक मायक्रोलिटरचा असतो म्हणून बरीच आतडी एकत्र करा, बीड बीटिंग करा (बारीक मण्यांबरोबर हलवून पेशी फोडा), मग १६एस अँप्लिकॉन, म्हणजे सगळ्यांचा तोच जीन एकदम वाढवून वाचायचा. डीएनए काढायच्या नुसत्या किटचा ब्लँक (आतडं न घातलेला नमुना) सोबत चालवाच, इतक्या कमी डीएनएत किटमधली घाण पण जीवाणू म्हणून दिसते. वाळवी कुठली आहे पण?

प्रश्नकर्ता:
जात माहीत नाही हो. डोकी ठेवलीयेत अल्कोहोलमध्ये.

उत्तर २:
मग काम झालं, डोक्यातून सीओ-टू जीन (जात ओळखायला वापरतात तो वाळवीचा जीन) सिक्वेन्स करा आणि सोबत एखादा सैनिक ठेवा, जात त्याच्या जबड्यावरून पटकन कळते. हे आधी करा कारण खालच्या गटातल्या (लोअर टर्माइट) वाळवीत फ्लॅजेलेट प्रोटिस्ट, म्हणजे शेपटीवाले एकपेशीय जीव, असतात आणि इलुसिमायक्रोबियासारखे बरेच बॅक्टेरिया त्या प्रोटिस्टच्याच पोटात राहतात, वरच्या गटात (हायर टर्माइट) ते प्रोटिस्ट नसतातच, लाकूड खाणाऱ्यांत स्पायरोकीट आणि फायब्रोबॅक्टर जास्त, बुरशी पिकवणाऱ्यांचं चित्र अजून वेगळं.

उत्तर १:
आणि नुकती कात टाकलेली पांढरीफटक वाळवी घेऊ नका. खालच्या गटात कातीबरोबर मागच्या आतड्याचं अस्तर जातं, प्रोटिस्टही जातात, मग दुसऱ्या वाळवीच्या गुदद्वारातला द्रव चाटून ते परत मिळवावे लागतात.