एका खिडकीत पाच मेल अकाउंट : तुम्ही कसं लावलंय? अनुभव सांगा

माझी पाच अकाउंट आहेत. स्वतःचं जीमेल, ऑफिसचं, आईच्या पेन्शन-मेडिक्लेमसाठी काढलेलं, कॉलेजपासूनचं याहू आणि यंदा सेक्रेटरी झाल्यामुळे सोसायटीचं, बावधनला राहतो. ब्राउझरमधे एकातून बाहेर पडा दुसऱ्यात शिरा असं चाललेलं, त्यात एप्रिलमधे टँकरच्या बिलाचा मेल सोसायटीच्या इनबॉक्समधे आठ दिवस तसाच पडून राहिला आणि टँकर यायचा थांबला. एक आजी चौथ्या मजल्यावर बादल्या चढवताना दिसल्या, त्याच रात्री थंडरबर्ड टाकलं, म्हणजे सगळी मेल अकाउंट एकत्र बघायचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम. फुकट आहे, २००४ पासून आहे, विंडोज लिनक्स दोन्हीवर चालतं.

पाचही आयमॅपने जोडली (म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात आणि फोन, कॉम्प्युटर सगळीकडे तेच दिसतात) आणि व्ह्यूमधे जाऊन फोल्डर युनिफाइड केले, म्हणजे सगळ्यांचे इनबॉक्स एकाखाली एक न दिसता एकच मोठा इनबॉक्स दिसतो. उत्तर दिलं की ज्या पत्त्यावर मेल आला तिथूनच जातं, पण नवीन मेल लिहिताना 'फ्रॉम' बघावंच लागतं, मेंटेनन्सची थकबाकी यादी ऑफिसच्या पत्त्यावरून जाता जाता राहिली. तुमचं कसं आहे? बॅकअपचं खास सांगा.

*

मी कर्वेनगरला असतो, निवृत्त आहे. बॅकअप विचारलात म्हणून लिहितो. मुलगा २००६ साली जर्मनीला गेला, तेव्हा माझं अकाउंट पॉपने, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या मशीनवर उतरवून घ्यायच्या पद्धतीने, लावलेलं होतं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नव्हती. म्हणजे पत्र उतरलं की सर्व्हरवरून पुसलं जायचं, आणि आम्ही पाठवलेली पत्रं तर पॉपमधे फक्त आपल्याच मशीनवर राहतात. नऊ वर्षांनी हार्डडिस्क गेली. तपकीर गल्लीतल्या एका मुलाने दोन दिवस खपून नातीच्या बारशाचे फोटो काढून दिले, पत्रं नाही मिळाली. ही सांगायची आणि मी टाइप करायचो अशी ती पत्रं होती, ही आता नाही. मुलाकडे त्यातली जी होती ती त्याने एकेक करून परत पाठवली.

आता सगळं आयमॅपवर. पण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे हे लक्षात घ्या, फोनवरून उडवलं तर कॉम्प्युटरवरूनही उडतं. हेल्पमधे ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशनला गेलं की प्रोफाइल फोल्डर, म्हणजे थंडरबर्डचे सगळे मेल आणि सेटिंग असतात तो, कुठे आहे ते कळतं. दर संकष्टीला थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करतो. मुलाची पत्रं त्याशिवाय लोकल फोल्डर्समधेही ठेवलीत, ते सर्व्हरवर नसतात, आपल्याच मशीनवर असतात.

*

सदाशिव पेठेत एका सीएंकडे काम करते. जुलैत क्लायंटचे फॉर्म १६, बँक स्टेटमेंट, आयकर खात्याचे मेल असं सगळं तीन पत्त्यांवर येऊन आदळतं. मेसेज फिल्टर लावले, आयकरच्या पत्त्यावरून आलेलं लाल टॅग होऊन वेगळ्या फोल्डरमधे जातं. एक गोष्ट उशिरा कळली ती सांगते, हे फिल्टर थंडरबर्ड चालू असेल तेव्हाच चालतात, ऑफिस बंद असताना फोनवर बघाल तर सगळं तसंच एकत्र पडलेलं असतं. म्हणून सकाळी आल्या आल्या आधी थंडरबर्ड उघडते, मग चहा.

*

जीमेल जोडलंत तर 'ऑल मेल' फोल्डरचं सबस्क्रिप्शन काढा, नाहीतर तेच मेल दोनदा उतरतात आणि सर्चमधेही दोनदा दिसतात. आणि अधूनमधून कॉम्पॅक्ट करा, डिलीट केलेलं तोवर डिस्कवर जागा धरून बसतं. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सात जीबी मोकळे झाले.

*

काका, तुमचं वाचून लगेच उठून बघितलं, आईचं अकाउंट माझ्याकडे आयमॅपने असलं तरी तिच्या डेस्कटॉपवर पॉपवरच निघालं, भावाने कधीतरी लावून दिलेलं. सर्व्हरवर फक्त चौदा दिवसांचं शिल्लक आहे, बाकी सगळं आईच्या जुन्या डेस्कटॉपवर. रविवारी तिच्याकडे डिस्क घेऊन जातोय, आधी प्रोफाइल कॉपी करणार, मगच तिथे आयमॅपला हात लावणार.