शून्याखालचा फुटबॉल : अ‍ॅरोहेडला जावं की घरी बसावं? (अनुभव हवेत)

बार्बेक्यूकर | गुरुवार, ११ जानेवारी २०२४

मंडळी, आधीच सांगतो, इथे फुटबॉल म्हणजे अंड्याच्या आकाराच्या चेंडूचा, अमेरिकन. मेस्सीवाल्यांनी वेगळा धागा काढावा.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या कॅन्सस सिटीत, अ‍ॅरोहेड स्टेडियमवर, प्लेऑफची (हरला तो बाहेर) पहिली फेरी आहे, चीफ्स विरुद्ध मायामी डॉल्फिन्स. शेजाऱ्याकडे सीझनची तिकिटं असतात. त्याने दोन मला मूळ भावात दिली. तेव्हाच शंका यायला हवी होती. अंदाज पाहिला तर पारा शून्य फॅरनहाइटच्याही खाली जाणार, म्हणजे उणे अठरा सेल्सिअसच्या पलीकडे, आणि वर वारा. बायको म्हणते जाऊच. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात, "टीव्हीवर दाखवत नाहीत का?"

ऑफिसात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मायामी हरल्यातच जमा आहे. त्यांचं स्टेडियमच असं बांधलंय की पाहुण्यांचा बाक उन्हात भाजून निघतो. आता पाहुणचाराची परतफेड होऊ दे. दुसरा तट म्हणतो की थंडी दोघांनाही तेवढीच वाजते. मी आठ वर्षं इथे आहे, पण इतक्या गारठ्यात उघड्यावर तीन तास बसलेलो नाही. जे बसलेत त्यांनी लिहा. काय घातलं होतं? आणि थंडीमुळे सामना खरंच फिरतो का?

मिलवॉकीचा म्हातारा

जा. पण आधी बुटांचं बघा, जॅकेटचं नंतर.

२० जानेवारी २००८. लॅम्बो फील्ड, आमचे ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध न्यू यॉर्क जायंट्स, जिंकेल तो 'सुपर बोल'ला, म्हणजे अंतिम सामन्याला. पारा उणे एक फॅरनहाइट. मी अंगावर कांद्यासारखे पापुद्रे चढवले होते, ते ठीक होतं. पण पायात एकावर एक तीन मोजे घातले आणि तिथेच फसलो. बूट इतका आवळला की बोटं हलेनात, आणि न हलणारी बोटं गरम राहत नाहीत. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत पाय माझे आहेत की स्टेडियमचे, काही कळेना. शेजारी सत्तरीची एक बाई होती, डोक्यावर चीजच्या तुकड्यासारखी पिवळी तिकोनी टोपी. तिने माझा नाच पाहिला, वाकून स्वतःच्या पायाखालचा पुठ्ठा मधोमध फाडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला. पिझ्झ्याचा खोका होता, त्यावर तुपकट डाग. खालचं काँक्रीट तळव्यातली ऊब ओढून घेत असतं, मधे पुठ्ठा आला की ते थांबतं. दहा मिनिटांत मुंग्या यायला लागल्या, म्हणजे पाय परत आले. तेव्हापासून माझ्या डिकीत पुठ्ठा असतो, उन्हाळ्यातसुद्धा. बायकोने त्यावर बोलणं सोडून दिलंय.

बिअर घेऊ नका. कपात तिचा गोळेवाल्याकडचा बर्फ होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जायंट्सचे कोच टॉम कॉफलिन यांचे गाल त्या दिवशी बिटासारखे लालभडक झाले होते. आम्ही हसत होतो, की हे गोठणार. त्यांच्या किकरने (लाथेने चेंडू खांबांमधून घालणारा) चौथ्या क्वार्टरात दोन किक चुकवल्या, आम्ही आणखी हसलो. मग ओव्हरटाइममध्ये ब्रेट फार्वने पॅकर्सकडून आयुष्यातला शेवटचा पास टाकला तो थेट जायंट्सच्या हातात, आणि त्याच किकरने ४७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला. २३-२०. थंडी आमची, मैदान आमचं, सुपर बोलला गेले ते.

उंटावरचा

काका, ती आइस बोलची गोष्ट पण सांगा ना. तुमच्याकडे म्हणे अर्धं विस्कॉन्सिन त्या दिवशी स्टेडियममध्ये होतं.

मिलवॉकीचा म्हातारा

हो, जो भेटेल तो "मी तिथे होतो" म्हणतो. सगळ्यांचं खरं धरलं तर लॅम्बोला आणखी चार मजले लागतील. ३१ डिसेंबर १९६७, पॅकर्स विरुद्ध डॅलस काउबॉइज, उणे तेरा फॅरनहाइट (उणे २५ सेल्सिअस). मैदानाखाली विजेच्या तारा टाकून ते गरम ठेवायची सोय होती, ती ऐन वेळी बंद पडली. पंचाची धातूची शिट्टी ओठाला चिकटली, ओढली तर कातडी निघाली. त्यानंतर पंचांनी नुसत्या आरोळ्या देऊन सामना चालवला. शेवटची १६ सेकंद असताना बार्ट स्टार स्वतःच चेंडू घेऊन रेषेपार घुसला. २१-१७.

पण लोक एक विसरतात. त्या क्षणापर्यंत टेक्सासची माणसं पुढे होती. उन्हातली माणसं, उणे तेरामध्ये, १७-१४ ने.

समुद्रकाठची

काका, तुमच्या तोंडात साखर. मी मायामीजवळच्या फोर्ट लॉडरडेलची, डॉल्फिन्सवाली. आठवडाभर ऑफिसच्या कॉलवर "मासे फ्रीजरमध्ये" हाच विनोद ऐकतेय.

मला एक सांगा, चीफ्समध्ये उत्तरेचा आहे कोण? पास टाकणारा महोम्स टेक्सासचा. कोच अँडी रीड लॉस एंजेलिसचे. आमचा पास टाकणारा टुआ हवाईचा, हे मान्य. पण आमचा टायरीक हिल आधी सहा वर्षं तुमच्याच मैदानावर पळत होता, त्याला तिथला जानेवारी नवा नाही. आणि याच सीझनमध्ये आम्ही डेन्व्हरला ७० गुण मारलेत. सत्तर! (सप्टेंबरात मारले, घरी मारले, माहितीये. कुणी लिहू नका.)

खरं दुखणं वेगळंच आहे. गेल्या रविवारी बफेलोला हरवलं असतं तर आमचा पहिल्या फेरीचा सामना इथे झाला असता, चपला घालून. १४-२१ ने हरलो आणि पार्सल तिकडे गेलं.

फ्रांकफुर्टचा पाव्हणा

थंडीचं काय घेऊन बसलाय राव. हेच दोन संघ ५ नोव्हेंबरला आमच्या फ्रांकफुर्टात खेळले, मी वरच्या मजल्यावर होतो. हाडं गोठवणारी थंडी वगैरे काही नव्हती. तुमच्या हिलच्या हातून चेंडू निसटला, चीफ्सनी उचलला, एकाने दुसऱ्याकडे मागे फेकला आणि दुसरा ५९ यार्ड पळत शेवटची रेषा ओलांडून गेला. टचडाउन. शेवटच्या चेंडूला टुआला तो धड हातात घेता आला नाही. २१-१४ ने गेले. तेव्हा कुणाच्या नावाने बिल फाडलं होतं?

जर्मन पोरं शेजारी मन लावून गाणी म्हणत होती. नियम मलाच समजावून सांगावे लागले. कोल्हापूरच्या माणसाने जर्मनाला अमेरिकेचा खेळ शिकवायचा म्हणजे बघा.

मोजपट्टी

थंडीत "चेंडू दगड होतो" असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. नियमाने चेंडूत दर चौरस इंचाला १२.५ ते १३.५ पाउंड दाब हवा. खोलीत २१ सेल्सिअसला १३ भरला आणि चेंडू उणे वीसला नेऊन पूर्ण गार होऊ दिला, तर गणिताने दाब उतरतो साधारण ९ वर. म्हणजे आतून चेंडू मऊ पडतो. पण आतली पिशवी आणि कातडं ताठरतं, पकड जाते, किकरच्या पायाला उसळी मिळत नाही. शिवाय गार हवा दाट, त्यामुळे किक आखूड पडते. लांबच्या फील्ड गोलवर (खांबांमधून घातलेली किक) पैज लावू नका.

बार्बेक्यूकर

मोजपट्टी सर, आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चेंडूला एवढं होतं, मग माणसाला?"

दहा हजार तळी

किकरचा विषय निघालाच आहे तर लिहिते. इतके दिवस टाळत होते.

१० जानेवारी २०१६, मिनिआपोलिस. आमच्या व्हायकिंग्सचं नवं छपराचं स्टेडियम बांधून व्हायचं होतं, म्हणून विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर सामना होता, सिअ‍ॅटल सीहॉक्सशी. उणे सहा फॅरनहाइट. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. डोळे मिटले की उघडताना टच्‌ असा बारीक आवाज यायचा, खोटं नाही सांगत. नवऱ्याच्या मफलरवर श्वासाचा पांढरा थर जमला होता, तो तो नखाने खरवडायचा.

आमचे सगळे नऊ गुण एकट्या किकरने, ब्लेअर वॉल्शने काढले होते, तीन फील्ड गोल. त्या गारठ्यात! शेवटी १०-९ ने मागे, सेकंद उरलेले, आणि किक फक्त २७ यार्डांची. पुढच्या रांगेतला माणूस उठून मित्रांना मिठ्या मारायला लागला होता. चेंडू धरणाऱ्याने शिवणीची बाजू, जी पलीकडे हवी, ती वॉल्शकडे ठेवली आणि किक डावीकडून बाहेर गेली.

त्यानंतर जे शांत झालं ते मला अजून आठवतं. हजारो माणसं, आणि ऐकू काय येतंय, तर बुटांखाली कचकचणारा बर्फ. गाडीपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. नवरा म्हणतो थंडीने हरलो. मला ते पटत नाही. थंडीतच त्याने तीन घातले होते की. पण आमच्या घरात हा वाद आठ वर्षांनीही मिटलेला नाही, आणि दर जानेवारीत एकदा होतोच.

इमर्जन्सीतली

शिकागोत नर्स आहे. गमतीत भंग करते, पण वाचा. दुखतंय, झोंबतंय, तोवर बरं. दुखायचं थांबलं आणि बोट मेणासारखं पांढरट दिसायला लागलं की सामना सोडून आत जायचं, स्कोअर काहीही असो. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. कडक पाण्यात घालायचं नाही, कोमट चालेल. दारूने ऊब वाटते ती फसवी, कातडीकडे रक्त धावतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे, सगळी बोटं एकत्र राहतात ते बरे. दर हिवाळ्यात माझ्यापुढे एक तरी जण येतो जो म्हणतो, "फक्त दहा मिनिटं मोजे काढले होते."

हळदीचं पोतं

सोलापुरातून वाचतोय. मुलगा तिकडे असतो, त्याच्यामुळे नाद लागला. तुमचा सामना आमच्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला. इथे पारा पंधरावर आला तर आमच्या गल्लीत शेकोटी पेटते आणि कानटोप्या निघतात. ते उणे वगैरे वाचून मी आत्ताच पांघरूण घेतलं. चीफ्स.

बफेलोची सून

बार्बेक्यूकर दादा, थंडीत खेळ बिघडतो हे आमच्या जोश अ‍ॅलनला कुणीतरी सांगा. तो कॅलिफोर्नियाचा, शेतकऱ्याचा मुलगा. १५ जानेवारी २०२२ ला पेट्रियट्सविरुद्ध सात फॅरनहाइटमध्ये सलग सात वेळा चेंडू हातात आला आणि सातही वेळा टचडाउन. ४७-१७. एकदाही पंट (लाथेने चेंडू समोरच्यांना देऊन टाकणं) करावी लागली नाही. त्या रात्री आम्ही इतक्यांदा उठून नाचलो की थंडी वाजायला सवडच मिळाली नाही.

आमचाही सामना रविवारी दुपारी आहे, पिट्सबर्गच्या स्टीलर्सशी. पण वादळ येतंय म्हणतात. तिळाचे लाडू करून ठेवलेत, सोमवारी संक्रांत.

बफेलोची सून | शनिवार, १३ जानेवारी

सामना पुढे ढकलला, सोमवारी साडेचारला. स्टेडियममधला बर्फ उपसायला माणसं हवीत, तासाला वीस डॉलर. दीर फावडं घेऊन निघालाय. तसा सॉफ्टवेअरमध्ये आहे.

समुद्रकाठची | शनिवार, रात्री

कुणी काही लिहू नका.

बार्बेक्यूकर | रविवार, १४ जानेवारी

जाऊन आलो. उणे चार फॅरनहाइट, उणे वीस सेल्सिअस. वाऱ्यासकट जाणवत होतं उणे सत्तावीस फॅरनहाइट. लीगच्या इतिहासातला चौथा सर्वांत थंड सामना म्हणतात. चीफ्स जिंकले, २६-७.

काकांचा पुठ्ठा नेला होता, दोन तुकडे. आमच्या रांगेत बाकी कुणाकडे नव्हता. मध्यंतरापर्यंत लोक भाव विचारत होते. फोनची बॅटरी सत्तर टक्क्यांवरून एकदम शून्यावर आली, त्यामुळे फोटो नाहीत. महोम्सचं हेल्मेट टक्कर झाली तसं फुटलं, एक तुकडाच उडाला. घरी येऊन पुन्हा पाहिलं तेव्हा पटलं. अँडी रीडच्या मिशांना बर्फाच्या काड्या लोंबत होत्या.

समुद्रकाठच्या ताई, हिलचा तो ५३ यार्डांचा टचडाउन बघून आमच्या भागात सगळे एक मिनिट गप्प झाले होते. जुना माणूस ना. पण तुमचे बाकीचे पास हातमोज्यांवर आपटून खाली पडत होते. आमच्या किकरने, बटकरने, चार फील्ड गोल मारले, मोजपट्टी सरांचं गणित त्याने बहुतेक वाचलं नव्हतं.

आता खरं सांगतो, तिसरा क्वार्टर संपला आणि बायको म्हणाली, "माझा अंगठा दुखायचा थांबला." नर्सताईंचं वाक्य डोळ्यापुढे आलं, उठलो. आमच्या पचेकोचा टचडाउन गाडीत रेडिओवर ऐकला, हीटर पायांवर सोडून. अंगठा ठीक आहे. घरी सासूबाई जाग्या होत्या, आल्याच्या चहाचं आधण ठेवलेलं. म्हणाल्या, "टीव्हीवर थंडी छान दिसली हो."

समुद्रकाठची

अंगठा बरा आहे ना, मग झालं. बाकी मी तुमच्याशी मार्चपर्यंत बोलणार नाही.

बफेलोची सून | मंगळवार, १६ जानेवारी

जिंकलो, ३१-१७!! आमच्या जागा सापडतच नव्हत्या. गुडघाभर बर्फ होता, दिराने हाताने उकरून काढल्या. टचडाउन झाला की लोक ओंजळीने बर्फ उधळत होते, गुलालासारखा.

लाडू दोन डब्यांत नेले होते. आतल्या खिशातले मऊ राहिले, पिशवीतल्यांचे गोटे झाले. माझ्या डावीकडे पिट्सबर्गहून आलेले एक आजोबा होते, पिवळा टॉवेल गळ्यात. संक्रांत म्हणून त्यांनाही एक दिला, नेमका पिशवीतला. चावला तर हलेना. फेकावा तर मी बघतेय. मग त्यांनी तो गालात धरून ठेवला, पूर्ण चौथा क्वार्टर, आणि आम्हाला एकही शिवी देता आली नाही.