‘बफ’ला मराठी शब्द: जोर, मंतर की अवसान?

राजारामपुरीकर: भाचा आणि त्याचे मित्र दर रविवारी आमच्या माडीवर किंग्ज ऑफ वॉर खेळतात, म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या फौजांची फाशांवरची लढाई. त्यांच्यासाठी नियमांचा एकपानी मराठी तक्ता करतोय आणि मढ्यांच्या फौजेपाशी अडलोय. ‘बेन चँट’ या मंत्राने पलटणीचा मारा त्या पाळीपुरता वाढतो. ‘सर्ज’ या मंत्राने मारा वाढत नाही, जेवढे फासे लागतील तेवढे इंच सांगाडे पुढं सरकतात. या सांगाड्यांना एरवी दुप्पट चाल नसते, म्हणून सर्जशिवाय त्यांचं पान हलत नाही. पोरं दोन्हीला ‘बफ’च म्हणतात, म्हणजे आपल्या पलटणीला मिळणारं तात्पुरतं बळ. मी ‘बलवर्धन’ लिहिलं, तर भाचा म्हणाला, “मामा, हे टॉनिकच्या बाटलीवर असतंय.” दोन्हींना एकच शब्द चालेल का?

तालमीतला: ‘जोर’ लिहा की. जोर चढला, जोर ओसरला. पोरास्नी लगेच कळतंय.

गंगावेस: जोर फारसी आहे. घरात ‘अवसान’ असताना बाहेर का जायचं? अवसान चढतं, गळतं, उसनंही आणता येतं. पाळी संपली की उतरणाऱ्या बळाला याहून नेमका शब्द नाही.

शाहूपुरी_ताई: गंगावेसदादा, संस्कृतात अवसान म्हणजे शेवट, मरणसुद्धा! मढ्यांच्या फौजेला मरणाच्याच शब्दानं बळ द्यायचं, हे मला फार आवडलं. आमचे आजोबा खासबागेत लढायचे. आखाड्यात उतरण्याआधी वस्ताद पाठीवर थाप द्यायचे, लाल मातीची पाची बोटं उमटायची. आजोबा म्हणायचे, “त्या थापेनं अवसान यायचं.” बफ म्हणजे ती थाप.

उर्दूप्रेमी: उर्दूत ‘औसान ख़ता होना’ म्हणतात, म्हणजे भान, धीर सुटणं. आपलं ‘अवसान गळणं’ तेच नव्हे का? मग तुमचा शुद्ध शब्दही तिकडूनच आला असेल. आणि फारसीचं इतकं वावडं कशाला? कवी माधव जूलियन इथंच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवायचे. १९३८ साली भाषाशुद्धीवर पुस्तक लिहिणाऱ्या त्याच माणसानं १९२५ साली फारसी-मराठी कोशही केला होता.

गंगावेस: कोश केला म्हणूनच त्यांना कळलं, कुठला शब्द परका ते.

हुपरीकर: ‘बफ’ परका कसा? आमच्याकडं चांदीला बफ मारतात. फिरत्या चाकावर काळपट पैंजण धरलं की झळाळून उठतं. इंग्रजी बफचं मूळ म्हशीच्या कातड्यात आहे, त्यानं घासून चमक आणायचे. आपली कोल्हापुरी चप्पलही म्हशीच्याच कातड्याची. माझ्या मते पोरांचा बफ त्या झळाळीतूनच आला. आहे तसा ठेवा.

तालमीतला: चप्पल कातड्याची, पण नाव चप्पलच न्हवं? तिला कुणी बफ म्हणतंय का?

वेताळमाळ: मी वॉरहॅमर खेळायचो, असाच फौजांचा दुसरा खेळ. २०१० च्या आठव्या आवृत्तीत नियमाचे शब्दच वेगळे होते: आपल्या पलटणीवर टाकायचा तो ‘ऑगमेंट’, शत्रूवर टाकायचा तो ‘हेक्स’. हेक्सला आपली ‘करणी’ तयार आहे. व्हॅनहेलचा ‘डान्स मकाब्र’ तर एकाच मंत्रात दोन्ही द्यायचा: आठ इंच चाल, आणि हातघाईत हुकलेले फासे पुन्हा टाकायची मुभा. तेव्हा चाल आणि मारा एकाच शब्दात बसतात. मी ‘मंतरणं’ म्हणेन. मंतरलेली पलटण.

राजारामपुरीकर: ‘करणी’ लगेच उचलली. पण ‘मंतरलेली’ म्हटलं की पोरं विचारणार, कशानं मंतरली? मारा की चाल? सर्जला ‘रेटा’ आणि बेन चँटला ‘अवसान’ असं वेगळं करू का? तक्ता रविवारी लागणार आहे.

शाहूपुरी_ताई: उर्दूप्रेमी, तुम्ही ‘अवसानघात’ विसरलात. ऐन वेळी दगा. तिथं ‘शेवटची घडी’ हाच अर्थ आहे, औसानचा संबंध नाही.

उर्दूप्रेमी: ताई, ते दोन वेगळे शब्द एकाच अंगरख्यात असतील. ‘अवसान गळणं’ कुठल्या जुन्या पोवाड्यात किंवा बखरीत आलंय का, तेवढं कुणी सांगा. त्यावरून बरंच कळेल.